मांजरीच्या डोळ्यातला धोतरा

डॉक्टर होऊन मी मेहकरच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालो, तेव्हा जानेफळला आमच्या घरी साखर वाटली गेली. पुढच्याच खेपेला घरी गेलो तर आईने मला ओसरीवर चढू दिलं नाही. दारातल्या दगडाशी ऊन पाण्याचं गंगाळ ठेवलेलं, बाजूला धुतलेलं धोतर. "आंगावून पानी घे, मंग आत ये," एवढंच म्हणाली. दवाखान्याच्या मागे एक पत्र्याची खोली आहे आणि संशयाने मेलेली माणसं तिथे फाडून पाहावी लागतात, ही बातमी बाजारकऱ्यांच्या तोंडून माझ्याआधी गावात पोचली होती. वडील बैलांच्या पुढ्यात कडबा टाकत राहिले. आमच्या सात पिढ्यांत कोणी मेलेल्या ढोराला हात लावला नव्हता, आणि त्यांनी वावर गहाण टाकून शिकवलेला पोरगा मेलेल्या माणसांना हात लावत होता.

मलाही त्या कामात काही राम वाटत नव्हता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि नागपूरच्या वैद्यकीय शाळेत आम्हाला जिवंत माणसाची नाडी शिकवली होती तितक्याच मन लावून मढं उघडायला शिकवलं होतं, असं मी म्हणू शकत नाही. पोलीस मुडदा आणत. मी पोटातला भाग काचेच्या बरणीत भरी, वरून मिठाचं दाट पाणी ओती, झाकणावर कापड बांधून लाखेची मोहोर मारी. बरणी गाडीने खामगावला, तिथून आगगाडीने दूर रसायन परीक्षकांकडे. फार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर येई. मधल्या काळात तिकडे काय होतं, कोण त्या बरणीत काय पाहतं, हे मला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. दोन वर्षं काढायची, मग कुठेतरी स्वतःचा दवाखाना टाकायचा, लोकांच्या तापाखोकल्यावर सुखाने जगायचं, असा माझा बेत होता.

तो बेत मोडला त्या दिवशी संकष्टी होती. माघातली कोवळी थंडी अजून गेली नव्हती. जिल्ह्याचे मोठे डॉक्टर तपासणीसाठी बुलढाण्याहून आले होते. गृहस्थ मुसलमान, पन्नाशी उलटलेले, दाढी बारीक कातरलेली. डाव्या कानाने कमी ऐकू येई, म्हणून बोलणाऱ्याकडे मान कलती करून पाहत. त्यामुळे ते आपलं फारच लक्षपूर्वक ऐकताहेत असं वाटे, आणि ते खरंही होतं. मराठी चांगली बोलत, मधूनमधून उर्दू येई. तरुणपणी काही वर्षं ते रसायन परीक्षकांच्या हाताखाली होते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ते औषधांचं कपाट तपासत होते आणि मी शेजारी हात बांधून उभा होतो, तोच आवारात दोन बैलगाड्या शिरल्या.

गाड्या सुलतानपूरच्या होत्या. एका शेतकऱ्याचं सगळं घरच त्यात घातलेलं होतं. घरचा म्हातारा वाटेतच गेला होता. त्याच्या तोंडावर उपरणं टाकलेलं. त्याची बायको गाडीत बसून हवेतून न दिसणारे धागे वेचत होती आणि बोटांवर गुंडाळत होती, अगदी मन लावून, जणू सुताची लडी करायची आहे. मुलगा जोत जुंपल्यासारखा नसलेल्या बैलांना हाका मारत होता. घरचा सालदार गडी भिंतीकडे बघून हसत होता. तिघांचे चेहरे गुलाल फासल्यासारखे लाल, जिभा कोरड्या ठाक, आणि डोळे असे की काळ्याच्या भोवती रंगाची नुसती कड उरलेली. उजेड पडला की ते डोळे मिटत होते, पण त्यातल्या बाहुल्या लहान होत नव्हत्या.

गाडीच्या मागे एक बाई पायी चालत आली होती. विशीबाविशीची असेल. ती त्या घरची सून. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, पाय धुळीने माखलेले. तिला गाडीत कोणी बसू दिलं नव्हतं.

तिच्या चुलत दिराने गाडी हाकत आणली होती. त्यानेच सांगायला सुरुवात केली. दुपारच्या जेवणानंतर घटकाभरात सगळे असे झाले. भाकरी, वरण, ठेचा. जेवण सुनेने रांधलं होतं. घरात सासूशी तिचं पटत नव्हतं, लग्नाला चार वर्षं होऊन पदरात मूल नव्हतं, नवऱ्यासाठी दुसरी बायको पाहावी असं म्हातारा बोलला होता. हे सगळं त्याने मोठ्या डॉक्टरांच्या समोर, तिच्या समोर, आवारात जमलेल्या लोकांच्या समोर सांगितलं.

"तिनंच रांधलं, साहेब, अन् तिनंच खाल्लं नाही," तो म्हणाला. "आता तुमीच सांगा."

"मले उपास होता," ती खाली पाहत म्हणाली.

तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. आम्ही आधी जिवंतांच्या मागे लागलो. नळी घालून पोटं धुतली, पुन्हा पुन्हा, जांभळ्या औषधाचं पाणी आत सोडलं, डोक्यावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, हातपाय बांधावे लागले. मोठ्या डॉक्टरांनी कोट काढून बाह्या दुमडल्या आणि ते माझ्या बरोबरीने सालदाराचं डोकं मांडीवर धरून बसले. सकाळ झाली तेव्हा तिघंही भ्रमातच होते, पण नाड्या हाताला लागत होत्या. ते म्हणाले, हे जगतील.

उन्हं वर आली तसे फौजदार आले. सूनबाई रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. आता तिच्याजवळ एक शिपाई उभा राहिला. मी पत्र्याच्या खोलीत म्हाताऱ्याचं शव पाहिलं. बरण्या भरल्या, मोहोर मारली. हात धुऊन बाहेर आलो तेव्हा मोठे डॉक्टर व्हरांड्यात स्पिरिटच्या दिव्यावर लहानशा चिनी वाटीत काहीतरी आटवत होते. ती म्हाताऱ्याच्या आजारी मुलाची लघवी होती. त्यांनी ती गाळली, चमचाभर उरेपर्यंत आटवली, पुन्हा गाळली. मग मला विचारलं, दवाखान्यात मांजर आहे का?

मांजर होती. दाईने पाळलेली, राखी रंगाची, कोठीतले उंदीर मारणारी. दाईने ती कुशीत धरून आणली. मोठ्या डॉक्टरांनी तिचं डोकं एका हाताने अलगद धरलं आणि काचेच्या नळीने उजव्या डोळ्यात त्या पाण्याचे थेंब सोडले. डावा डोळा तसाच ठेवला. मांजरीने मान झटकली, पंज्याने डोळा पुसला आणि ती दाईच्या मांडीवर पुन्हा गोळा होऊन बसली.

"थांबू या जरा," ते म्हणाले, आणि खिशातून एक पेरू काढून चाकूने कापू लागले. मलाही फोड दिली. मी नुकताच शवाजवळून आलो होतो. त्या हातांवर कोणी आपल्यातली फोड अशी ठेवलेली मला बऱ्याच दिवसांत आठवत नव्हती.

फौजदार, दीर, शिपाई, आवारातले पाचपन्नास लोक, सगळे त्या मांजरीकडे पाहत होते. काय व्हायचं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मला पुस्तकातली एक ओळ अंधूक आठवत होती, पण वाचलेलं आणि डोळ्यादेखत व्हायचं असलेलं यांत फार अंतर असतं.

थोड्या वेळाने त्यांनी मांजर उचलून व्हरांड्याच्या कडेला, लख्ख उन्हात धरली.

डावा डोळा उन्हाला भिऊन मिटत आला होता. त्यातली बाहुली केसासारखी बारीक उभी रेघ झाली होती. आणि उजव्या डोळ्यात एक काळी गोल विहीर उघडली होती. ऊन सरळ आत पडत होतं आणि ती मिटत नव्हती. एकाच तोंडावर एक डोळा दिवसाचा, एक रात्रीचा. ज्या माणसाला आपलं नावही सांगता येत नव्हतं, जो पलंगावर बैल हाकत होता, त्याच्या अंगात जे शिरलं होतं ते त्याच्या अंगातून निघून, दिव्यावर आटून, फडक्यातून गाळून, एका मुक्या जनावराच्या डोळ्यात येऊन उभं राहिलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी देवळात कधी असा उभा राहिलो नव्हतो. मागून कोणीतरी "रामा, रामा" म्हटलेलं ऐकू आलं. दाईने हात जोडले.

"धोतरा," मोठे डॉक्टर म्हणाले.

लोकांत एकदम गलबला झाला. दीर वळून सुनेकडे पाहू लागला, आणि त्याच्या मागोमाग सगळं आवार. आता साक्षच मिळाली होती. शिपायाने तिला दंडाला धरून उभं केलं. तिने प्रतिकार केला नाही. त्या क्षणापर्यंत मला जे काही पवित्र वाटलं होतं त्याची भीती वाटू लागली. त्या उघड्या डोळ्याने या बाईला फासापर्यंत नेलं तर? आणि मी तिथे उभा राहून भारावून पाहत होतो.

मोठे डॉक्टर मांजरीचा डोळा ओल्या कापसाने पुसत होते. ते फौजदारांना म्हणाले, "डोळ्याने विष सांगितलं. ते कोणाच्या हातानं पडलं, हे डोळा सांगत नाही. बाईचा हात सोडा. आपण आधी घर पाहू."

मग ते त्या बाईपुढे जाऊन उभे राहिले आणि मान कलती करून विचारलं, "बेटी, उपास सोडायला तू काय खाणार होतीस?"

तिने मान वर केली. इतक्या वेळात तिला कोणी प्रश्न विचारलाच नव्हता. सगळ्यांनी तिच्याबद्दल नुसतं सांगितलं होतं.

"तेच," ती म्हणाली. "चंद्र पाहून जेवनार होती. माही भाकर अन् ठेचा झाकून ठेवला हाये. टोपल्याखाली. कोनी हात नसंल लावला तं असंल अजून."

मोठ्या डॉक्टरांची मोटार होती. तिच्यात फौजदार, ती बाई, दीर आणि मी असे सगळे कोंबून बसलो आणि सुलतानपूरला निघालो. रस्त्याच्या कडेने ज्वारी काढून झालेली शेतं उघडी पडली होती. दीर माझ्या शेजारी होता. तो बाहीने डोळे पुसत होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तोही रात्रभर झोपला नव्हता आणि गेलेला म्हातारा त्याला बापाच्या जागी होता.

घर धाब्याचं होतं, मातीच्या सपाट छताचं. चुलीशी सगळं होतं तसंच सोडलेलं. कोपऱ्यात बांबूचं टोपलं पालथं घातलेलं, त्यावर दगड. तिने स्वतः दगड बाजूला केला. खाली पितळी ताटलीत दोन भाकरी, कांदा आणि वाटीभर लाल ठेचा. भाकरीच्या कडा वाळून वर वळल्या होत्या. ते तिचं स्वतःचं जेवण होतं. फौजदारांनी ते पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. त्यांनी का काढली हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मोठ्या डॉक्टरांच्या बंडीच्या खिशात काळ्या गोफाला बांधलेलं एक भिंग असे. ते त्यांनी काढून माझ्या हातात दिलं. "डॉक्टर, तुम्ही पाहा," म्हणाले. मला डॉक्टर म्हणणारे ते पहिलेच वरिष्ठ. मी ठेच्याचा एक गोळा पाण्यात कालवून पांढऱ्या बशीत पसरला आणि दारातल्या उजेडात नेला. मिरचीचं बी मी जन्मापासून पाहत आलो होतो. चपटं, गोल, पिवळसर, गुळगुळीत. भिंगाखाली ते चंद्रासारखं मोठं झालं. त्याच्याशेजारी दुसरं एक बी दिसलं. तपकिरी. माणसाच्या कानाच्या आकाराचं, कडेला दुहेरी धार, अंगावर देवीचे व्रण असावेत तसे बारीक खड्डे. मग आणखी एक. मग आणखी. पाट्यावरून न भरडता निसटलेली कितीतरी. नुसत्या नजरेला ती सगळी एकच चटणी होती.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही जातींचं एकेक बी पात्याने मधोमध चिरलं आणि मला पुन्हा पाहायला लावलं. आतला कोंब मिरचीत आत वळून गुंडाळला होता. धोतऱ्यात त्याचं टोक बाहेरच्या बाजूला वळलं होतं. तिळाएवढ्या दाण्याच्या आत, जिथे कोणाची नजर कधी पोचायची नव्हती, तिथे हा भेद निर्मात्याने लिहून ठेवला होता. बिया इतक्या सारख्या करायच्या आणि आत असं वळण वेगळं ठेवायचं! मी पाहतच राहिलो. उठावंसं वाटेना.

"मिरच्या कुठल्या?" फौजदारांनी विचारलं.

मिरच्या धाब्यावर वाळत घातल्या होत्या, असं ती म्हणाली. वाळून तडकल्या की बी गळतं. ते सांडलेलं बी सासूच्या सांगण्यावरून तिने झाडून ठेच्यात घेतलं होतं, वाया जाऊ नये म्हणून.

आम्ही शिडीने वर चढलो. धाब्यावर एक जुनं पोतं पसरलेलं, त्याच्या अर्ध्यावर मिरच्यांचा लाल पट्टा. आणि पोत्याच्या पलीकडच्या टोकाला धोतऱ्याची वाळकी पानं आणि काटेरी बोंडं, उन्हाने चार फाकांत उकललेली. फाकांतून बी ओघळून पोत्याच्या विणीत शिरलं होतं आणि चिमण्यांनी की वाऱ्याने ते मिरच्यांपर्यंत नेलं होतं. कुठे लाल संपत होतं आणि कुठे तपकिरी सुरू होत होतं ते सांगता येत नव्हतं.

दीर शिडीच्या तोंडाशी उभा होता. तो तिथेच खाली बसला. "काकाचा धोतरा," तो म्हणाला. "दमा होता त्याले. चिलमीत घालून ओढे."

म्हाताऱ्याने स्वतःचं औषध स्वतःच्या हाताने वाळत घातलं होतं. ते सांगायला तो उरला नव्हता, आणि ज्यांना माहीत होतं ते मेहकरला हवेतले धागे वेचत होते. दिराला माहीत होतं. पण त्याला मिरच्यांचं माहीत नव्हतं, आणि सुनेला मिरच्यांचं माहीत होतं पण सासऱ्याच्या पोत्याच्या टोकाकडे डोळा वर करून पाहायची तिची रीत नव्हती. फौजदारांनी तिथेच पंच बोलावले.

पंचनामा चालला असताना ती बाई माझ्याजवळ आली. सासरा गेल्यापासून ती रडली नव्हती. तिने माझ्या हातातल्या भिंगाकडे बोट केलं. "मले दाखवता का ते?" मी बशी पुढे केली आणि भिंग कसं धरायचं ते सांगितलं. ती खूप वेळ वाकून पाहत राहिली, एक डोळा मिटून, श्वास धरून.

"इतकं येगळं हाये," ती म्हणाली, "अन् माह्या हाताले कळलं नाही." मग पदर तोंडाशी धरून ती धाब्याच्या कठड्याला टेकली आणि सासऱ्यासाठी रडली. दीर उठला, खाली गेला आणि लोटाभर पाणी घेऊन वर आला. तो पाण्याचा लोटा तिच्याजवळ ठेवून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सासू शुद्धीवर आली. धोतऱ्याचं तिनेही तसंच सांगितलं. आपण आजारी कशा पडलो, मेहकरला कशा आलो, यातलं तिला काही आठवत नव्हतं. नवरा गेल्याचं तिला सुनेने सांगितलं. मी औषध देण्याच्या निमित्ताने पडद्याआड होतो. सासूने आधी विश्वास ठेवला नाही, मग सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. चौथ्या दिवशी त्याच दोन गाड्या सुलतानपूरला परत गेल्या. या वेळी सून गाडीत, सासूला धरून बसली होती. सुनेचा नवरा गाडीबरोबर पायी चालत होता. बरण्यांचं उत्तर पुढे फार उशिरा आलं आणि ते आम्हाला आधीच ठाऊक होतं.

मोठे डॉक्टर बुलढाण्याला परत निघाले तेव्हा मी मोटारीपाशी उभा होतो. मी त्यांची पेटी मोटारीत चढवली, पुन्हा नीट ठेवली. शेवटी मी विचारलं की त्या बरण्या जिथे जातात तिथे माझ्यासारख्याला घेतात का.

त्यांनी आधी सांगितलं की तिथे पगार बेताचा, वास वाईट, आणि रोगी कधी तुम्हाला दुवा देणार नाही, कारण तुमचा रोगी नेहमीच मेलेला असतो. मग म्हणाले, "त्या दिवशी आवारात तुमचा चेहरा पाहिला मी, मांजरीपुढे. तोच माझाही होता कधीकाळी. घरी विचारा. मग लिहा मला."

घरी विचारलं. आई म्हणाली, जिथं जाशील तिथं ऊन पाणी ठेवणारं कोणी बघून घे. वडिलांनी मात्र सगळी गोष्ट पुन्हा सांगायला लावली, सुनेच्या ताटलीपर्यंत, धाब्यापर्यंत. ऐकून झाल्यावर ते गोठ्यात गेले. जाताना म्हणाले, "त्या लेकीचा जीव वाचला नं बापा. मंग वंगाळ काम कसं म्हनावं त्याले."

पावसाळ्यानंतर मी त्या प्रयोगशाळेत हजर झालो. लांबलचक खोली, उत्तरेकडून उजेड, भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर प्रांतोप्रांतीच्या बरण्या, प्रत्येकीच्या गळ्यात गावाच्या नावाची चिठ्ठी. त्यांतली बहुतेक गावं मी कधी ऐकलीही नव्हती. प्रत्येक बरणीमागे एक घर होतं, विझलेली चूल होती, आणि कुठेतरी कोणीतरी पायरीवर बसून होतं. वरिष्ठांनी माझ्यापुढे पहिली बरणी ठेवली आणि मोहोर तपासायला सांगितली. मी हात धुतले. लाख फोडण्याआधी माझे हात आपोआप जोडले गेले, आणि शेजारच्या मेजावरच्या माणसाने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.